एक नंबरची दुसरी जर्सी

“हलू नकोस रे! कान जागेवर हवाय ना?” सलूनवाले मामा कात्री थांबवून म्हणाले.

पण खुर्चीत बसलेल्या रेडिओला गप्प बसवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. त्याचं ते टोपणनाव काही उगाच पडलं नव्हतं! शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला होता. उद्या फुटबॉलचा अंतिम सामना. आणि आपल्या क्लबचा गोलकीपर, सगळ्यांची लाडकी ‘भिंत’, खोलीत कोंडून ठेवलेला!

“विषाणू सापडला म्हणे त्याच्या तपासणीत,” बाकावरचे टॅक्सीवाले म्हणाले.

“सापडणारच! त्याच्या हातून आजवर काही सुटलंय का? विषाणूसुद्धा झेप घेऊन पकडला असेल!” दूधवाले म्हणाले, आणि सगळं सलून हसलं.

“मी सांगतो, समोरच्यांनी मुद्दाम शिंकायला माणूस पाठवला होता.”

“आता उद्या गोलात चाळणी उभी राहणार. म्हणजे पाच गोल खाल्लेच समजा!”

चाळणी म्हणजे राखीव गोलकीपर. बिचारा!

कोपऱ्यात चिवट आणि तिचा धाकटा भाऊ प्रश्नोबा आपली पाळी यायची वाट बघत होते. चिवट बारा वर्षांची. एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही.

“ताई,” प्रश्नोबा म्हणाला, “सगळे खेळाडू एकत्र राहतात, एकत्र जेवतात. मग विषाणू एकट्या भिंतीलाच कसा?”

“त्यालाच विचारू या. चल! रेडिओ, ऊठ!”

“अगं, अर्धंच डोकं झालंय त्याचं!” मामा ओरडले. पण तिघं रस्त्यावर पोचलीसुद्धा.

क्लबच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भिंतीची खोली होती. खिडकीतून दोरीच्या उड्यांचा आवाज येत होता.

“नऊशे अकरा! नऊशे बारा! अरे, कोण तुम्ही? आणि याच्या डोक्याला काय झालं?”

“ते राहू दे, दादा. तुला बरं नाही ना?” रेडिओने खालून विचारलं.

“मी ठणठणीत आहे रे! ताप नाही, खोकला नाही. गुरुवारी क्लबातल्या सगळ्यांच्या नाकातून नमुने घेतले. शुक्रवारी मला इथे कोंडलं.”

“नमुना किती वेळा घेतला?” प्रश्नोबा.

“एकदाच. पुरे झालं की! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.”

चिवटचं लक्ष मात्र मैदानाकडे गेलं होतं. “दादा, मैदानावर फक्की कुठाय?”

भिंतीने मान बाहेर काढली. मैदानावर चुन्याची एकही रेघ नव्हती. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता मैदानकाका दोरी ताणून फक्की मारायचे. कधी म्हणजे कधीच चुकायचे नाहीत. आता तर साडेदहा वाजले होते. गवतालाही पाणी मिळालेलं दिसत नव्हतं.

“काका दिसलेच नाहीत दोन दिवस,” भिंत हळू आवाजात म्हणाला. “मला वाटलं, मला कोंडलंय म्हणून दिसत नाहीत.”

ऑफिसच्या दारावर तपासणीची यादी चिकटवली होती. आत कारकून कागदात डोकं घालून बसले होते.

“मैदानकाका कुठे आहेत हो?” चिवटने विचारलं.

“असतील कुठेतरी. मॅनेजरसाहेब आणि क्लबच्या डॉक्टरबाई मीटिंगमध्ये आहेत. गलका नको!”

प्रश्नोबा यादी वाचत होता. “ताई, नावंच नाहीत. नुसते नंबर! आणि हे बघ, एक नंबर दोनदा. एकदा ‘विषाणू आढळला’, एकदा ‘आढळला नाही’.”

“नावं लिहीत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती,” कारकून मान वर न करता म्हणाले. “मी प्रत्येकाला सांगायचो, पाठ फिरवा! जर्सीवरचा नंबर बघायचा, बाटलीवर लिहायचा. एक नंबरने दोनदा नमुना दिला असणार. साहेब म्हणाले, खबरदारी म्हणून वाईट तो धरा. पळा आता!”

“पण तो तर एकदाच दिला म्हणतो!”

“पळा म्हटलं ना!”

तिघं जिन्यात आली. चिवट मधेच थांबली.

“काकूंनी शिवलेली जर्सी!” ती म्हणाली.

दोघांनाही लगेच कळलं. मैदानकाकांची बायको संघाच्या जर्सी दुरुस्त करायची. भिंतीची एक फाटकी जर्सी क्लबने टाकून दिली, तेव्हा काकूंनी ती घरी नेली, ठिगळ लावलं आणि पाठीवर पिवळ्या दोऱ्याने ‘१’ नव्याने शिवला. “बाहेरून बघणारा माझा एक नंबर,” असं म्हणून काकांना दिली. काकू गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून काका रोज तीच जर्सी घालायचे. रात्री धुवायची, सकाळी घालायची.

“म्हणजे पाठ फिरवा म्हटल्यावर...” रेडिओचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला.

“धावा!”

प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे काकांची एक खोली होती. दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं तशीच पडलेली. दोरीवर जर्सी वाळून कडक झाली होती.

“काका! ओ काका!”

चिवटने दार ठोठावलं. मग आतून खोल गेलेला आवाज आला, “आलो... दोरी घेतो... फक्की राहिलीय...” आणि खोकल्याची उबळ. धाप लागल्याचं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

प्रश्नोबाने कडीला हात घातला. चिवटने त्याला मागे ओढलं. “आत नाही जायचं! आपल्यालाही लागण होईल. डॉक्टरबाईंना आणायचं. त्या मीटिंगमध्येच आहेत. काका, पडून राहा! आम्ही आलोच!”

पण मीटिंगच्या दाराशी आता कारकून खुर्ची टाकून बसले होते. “पुन्हा तुम्ही? एक तासाने या!”

“एक तास? अहो, काका फार आजारी आहेत!”

“बहाणे नकोत. भिंतीची सही हवीय ना? ओळखतो मी तुम्हाला!”

चिवटने रेडिओकडे पाहिलं. रेडिओने वर, घोषणा करायच्या माळ्याकडे पाहिलं. दोघं हसली.

“कारकूनकाका, मी कुठेच जाणार नाही!” म्हणून चिवट कारकुनांच्या पुढ्यात मांडी ठोकून बसली. “का?”, “कधी?”, “कुणी सांगितलं?” असा प्रश्नोबाने पट्टा लावला. तेवढ्यात रेडिओ माळ्यावर पोचला. मैदानभर कर्णे खरखरले.

“ऐका हो ऐका! एक नंबर दोन आहेत! वरचा एक नंबर उड्या मारतोय! दुसरा मैदानकाका! ते खोलीत तापाने फणफणलेत! डॉक्टरबाई, मीटिंग सोडा! धावा! मॅनेजरसाहेब, मैदानावर फक्की नाही, हे तुम्हाला दिसलं नाही का?”

दार धाडकन उघडलं. डॉक्टरबाई पिशवी घेऊन पळत सुटल्या. मागून मॅनेजरसाहेब, त्यांच्यामागे एका पायात चप्पल घातलेले कारकून.

पंधरा मिनिटांत रुग्णवाहिका आली. “संध्याकाळपर्यंत राहिले असते तर अवघड होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी भिंतीची पुन्हा तपासणी केली. या वेळी बाटलीवर त्याचं पूर्ण नाव लिहिलं. काहीही आढळलं नाही!

मॅनेजरसाहेब तिघांसमोर उभे राहिले. “रोज त्यांना हाक मारायचो, आणि दोन दिवस ते नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं. शाब्बास, पोरांनो.” कारकून खाली मान घालून म्हणाले, “यापुढे आधी तोंड बघेन, मग लिहीन.”

“पण फक्की?” प्रश्नोबाने विचारलं.

फक्की भिंतीने आणि तिघांनी मारली. सलूनवाले मामा, टॅक्सीवाले, दूधवाले, सगळे दोरी धरायला आले. सकाळी केलेल्या विनोदांची आता कुणी आठवण काढली नाही. मामांनी मध्येच रेडिओला बाकावर बसवून उरलेलं अर्धं डोकंही उरकून घेतलं.

रविवारी सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर गेला. शेवटचा फटका डाव्या कोपऱ्यात आला. भिंत झेपावला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर! मैदान नुसतं दणाणलं!

संध्याकाळी दवाखान्याच्या काचेबाहेर चौघं उभी होती. आत काका उशीला टेकून बसले होते. त्यांनी सामना टीव्हीवर पाहिला होता. भिंतीने धुऊन इस्त्री केलेली पिवळ्या नंबरची जर्सी काचेला लावून दाखवली.

काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग नर्सच्या फोनवरून बोलले.

“झेप चांगली होती. पण डाव्या बाजूची रेघ वाकडी आहे.”

“काका!” रेडिओ ओरडला.

“तुमच्या काकूने बघितली असती, तर उसवून परत घालायला लावली असती.” ते हसले. खोकला आला, तो थांबू दिला. “पोरांनो, सुट्टी किती उरलीय तुमची?”

“पाच आठवडे!”

“मग पुढच्या सोमवारी सात वाजता या. दोरी कशी ताणायची, ते शिकवतो.”