पाणी न पिणारी घागर

"भटू, आधी या लोटक्यात हात घाल! आता तांब्यात! सांग, कोणतं पाणी गार आहे?"

"दोन्ही सारखीच कोमट!" भटूनं हात सदऱ्याला पुसले. "सिंधू, तुझ्या प्रयोगाचं भरीत झालं!"

"नीट बघ ना रे!"

"अगं, तीनदा बघितलं! आता काय पाय घालून बघू?"

शेजारची काली फिदीफिदी हसली. सिंधू मात्र हसली नाही. तिनं पुन्हा एकदा मातीच्या लोटक्यात बोटं बुडवली, मग पितळेच्या तांब्यात. पाणी खरंच सारखं होतं.

ही गोष्ट तुमच्या आजोबांच्या लहानपणची, लोणखेड्याची. ही मुलं घरीदारी अहिराणीच बोलायची बरं का! तुमच्यासाठी मी त्यांचं बोलणं शाळेच्या मराठीत सांगतो आहे. मधूनच जीभ घसरली तर सांभाळून घ्या.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. धुळ्याला शाळांच्या सृष्टिज्ञानाचं प्रदर्शन भरणार होतं आणि दलपत गुरुजी एकाच मुलाला सोबत नेणार होते. ज्याचा प्रयोग सगळ्यांत चांगला, तो जाणार! सिंधूचा प्रयोग अगदी साधा होता. मातीच्या भांड्यातलं पाणी गार होतं, पितळेच्या भांड्यातलं होत नाही, एवढंच दाखवायचं. पण लोटकं कालपासून हट्टाला पेटलं होतं. आणि गुरुजी आज दुपारी प्रयोग बघायला येणार होते!

"नाही गेलीस धुळ्याला तर काय बिघडतं?" भटू म्हणाला. "मी तरी कुठं चाललोय?"

"तुझा बा इथं आहे," सिंधू म्हणाली. "माझा तिथं आहे."

भटूनं तांब्यातलं पाणी ओतून दिलं आणि तो पुन्हा भरून ठेवला.

सिंधूची आई गेल्या पावसाळ्यात तापानं गेली. तिचे वडील, भिलाभाऊ, त्यानंतर धुळ्याला निघून गेले. तिथल्या पेठेत ते कापूस तोलायचं काम करत. ते दिवाळीला आले नाहीत, होळीला आले नाहीत आणि कालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, आले नाहीत. सिंधू काकांकडे, म्हणजे भटूच्या वडिलांकडे राहत होती. काका-काकू जेवायला वाढत, अंगावर धड कपडा देत, कोणी रागावतही नसे. तरी संध्याकाळ झाली की तिला फार एकटं वाटायचं.

त्यात आखाजी म्हणजे खानदेशातल्या लेकींचा सण! गावातल्या साऱ्या सासुरवाशिणी माहेरी आल्या होत्या. निंबांना झोके बांधले होते. आया लेकींना झोके देत होत्या आणि लेकी लहान पोरींसारख्या ओरडत होत्या. सिंधूनं काल दिवसभर ओट्यावर बसून ते बघितलं होतं. कालीनं तिला दोनदा बोलावलं, पण ती गेली नाही. तिला झोका नको होता, तिला आई हवी होती.

"अरे, चला चला! ढेकळं बघायची आहेत!" आतून गिरधरकाकांची हाक आली.

गिरधरकाका गावचे पाटील. आखाजीला घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. यंदा या घरची घागर सिंधूच्या आईच्या नावानं होती. उन्हातान्हात तिला गार पाणी पोचावं, म्हणून. घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवायची. एक आषाढाचं, एक श्रावणाचं, एक भाद्रपदाचं, एक आश्विनाचं. घागर पाझरते, ढेकळं भिजतात. ज्या महिन्याचं ढेकूळ ओलं, त्या महिन्यात पाऊस!

देवघरापुढं चार म्हातारे जमले होते. काकांनी घागर उचलून बाजूला ठेवली, खाली वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

चारही ढेकळं कोरडी ठणठणीत!

"अरे देवा!" एक म्हातारा पुटपुटला. "चारी महिने कोरडे?"

"दुष्काळ!" काका भिंतीला टेकून खालीच बसले. "यंदा कापूस पेरायचा नाही. कोणी नवं काम काढायचं नाही. आणि सिंधू, तुझं ते धुळं-बिळं विसर. वर्ष वाईट दिसतंय. अशा वर्षात पोरीबाळींना परगावी पाठवत नाहीत."

"पण काका..."

"पण नाही आणि बिण नाही!"

सिंधू मागच्या अंगणात जाऊन गोठ्याच्या भिंतीशी बसली. तिला मोठ्यानं रडायचं होतं, पण सणाचं कोणी रडत नाही म्हणून तिनं ओढणी तोंडात कोंबली. भटू आणि काली तिच्याजवळ येऊन नुसते उभे राहिले.

जरा वेळानं काली म्हणाली, "एक सांगू? आमची ढेकळं ओली आहेत."

"काय?"

"ओली म्हणजे चिखल झालाय नुसता! आषाढाचं तर पार विरघळलं. आईनं बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, पाटलाच्या घागरीपुढं आपली घागर कोण विचारतो?"

सिंधूनं डोळे पुसले. "एकाच गावात तुमच्याकडे पाऊस आणि आमच्याकडे दुष्काळ?"

"मग काय!" भटू कालीला म्हणाला. "तुझ्या ओसरीवर पाऊस पडेल, आमच्या ओसरीवर ऊन!"

सिंधूला हसू आलं नाही, पण तिच्या डोक्यात काहीतरी हललं. घागर पाझरली नाही. लोटकंही गार झालं नाही. काकूनं ते लोटकं दिलं होतं, आणि घागर नि लोटकं दोन्ही काकांनी एकाच वेळी आणली होती!

"चला," ती उठली. "घागर बघू."

म्हातारे ओट्यावर जाऊन दुष्काळाच्या गोष्टी करत होते. देवघरापुढं कोणी नव्हतं. सिंधूनं ओला हात घागरीवरून फिरवला आणि तळवा उघडला.

"रंग!" भटू किंचाळला.

"हळू रे, भोंग्या!"

तळवा लाल झाला होता. भाजलेल्या घागरीचा रंग हाताला कसा लागेल? हा तर वरून फासलेला गेरू! आणि घागरीच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती. साध्या पाण्याच्या घागरीला मुंग्या?

काली पुढं सरकली. तिचं नाक म्हणजे नाक! कोणाच्या घरी काय शिजतंय ते ती गल्लीच्या तोंडाशी सांगायची. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, "भुईमुगाचं तेल!"

भटूनं कपाळावर हात मारला. "अगाई! परवा बा माळ्यावर चढले होते. मी वर जायला लागलो तर म्हणाले, खाली हो, विंचू आहेत! आणि उतरले तेव्हा त्यांच्या धोतराला गेरू लागला होता!"

"चल, कुंभाराकडे!" सिंधू म्हणाली आणि तिघं उन्हातच सुटली.

हिलाल कुंभार निंबाखाली चिलीम ओढत बसला होता. भटूनं धापा टाकतच विचारलं, "आमच्या घरची घागर कधी नेली?"

"तुन्हा बा मन्हाकडे ऊनाच नही!" हिलाल म्हणाला. "दोन डाव निरोप धाडा. आज येस, सकाय येस... मंग आखाजीनं आदलं दिन ऊना, तवय घागरीच सरी गयात!"

म्हणजे असं होतं तर! काका आज येतो, उद्या येतो म्हणत आळस करत राहिले, आदल्या दिवशी कुंभाराकडे आले तर घागरी संपलेल्या, मग कुणाला कळू नये म्हणून माळ्यावरची जुनी तेलाची भांडी काढून, त्यांना गेरू फासून नवी केली! आणि सकाळी ढेकळं कोरडी निघाली, तर दुष्काळ म्हणून स्वतःच कपाळाला हात लावून बसले. वर्षानुवर्षं तेल प्यालेली घागर पाण्याला पाझरत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

भटू पोट धरून हसायला लागला, काली तर खालीच बसली. पण सिंधूचा चेहरा उतरत चालला होता.

"काय व्हयनं वं पोरी?" हिलालनं विचारलं.

"ती माझ्या आईची घागर होती," सिंधू म्हणाली. "तेलकट, कोमट पाणी दिलं आम्ही तिला. पहिल्याच आखाजीला."

आता कोणी हसलं नाही. हिलालनं चिलीम खाली ठेवली. तो झोपडीत गेला आणि एक मध्यम घागर घेऊन बाहेर आला.

"एकच शे. काठ उडेल शे, म्हणून कोणी लिधी नही. तुन्ही माय दरसाल मन्हाकडूनच घागर ले. लई जाय."

सिंधूनं ती उडालेल्या काठाची घागर घेतली आणि तिच्यावर ओल्या बोटानं एक थेंब सोडला. घागरीनं तो क्षणात पिऊन टाकला. तिनं आणखी एक सोडला, तोही गडप! सिंधूचे डोळे चमकले.

"भटू! हाच माझा प्रयोग! जे भांडं पाणी पितं, तेच पाझरतं आणि पाणी गार करतं. गार व्हायची वाट कशाला बघायची? एक थेंब पुरे!"

दुपारी दलपत गुरुजी आले. ओट्यावर काका आणि म्हातारे होतेच, अजून कापूस पेरायचा की नाही यावर वाद चालला होता. मोठ्या माणसांना तोंडावर खोटं ठरवायचं म्हणजे पाठीवर रट्टा ठरलेला! म्हणून भटूनं वेगळीच युक्ती काढली. तो अगदी गरीब गाईसारखा चेहरा करून बापापुढं उभा राहिला.

"बा, नवी घागर ओळखायची कशी हो? सिंधूच्या प्रयोगासाठी हवंय."

काकांना गुरुजींसमोर ज्ञान सांगायची संधी मिळाली! त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अरे, सोपं आहे! नवी घागर तहानलेली असते. अंगावर थेंब टाक, लगेच पिते! आणि तेला-तुपाची असली, तर थेंब मोत्यासारखा घरंगळतो. हे तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल!"

"ऐकलंत ना, गुरुजी?" भटू म्हणाला. "सिंधू, आण!"

सिंधूनं हिलालची घागर ठेवली. थेंब सोडला, गडप! मग देवघरापुढची घागर भटू आणि कालीनं उचलून आणली. सिंधूनं तिच्यावरचा गेरू ओल्या फडक्यानं पुसला आणि थेंब सोडला.

थेंब टुणकन घरंगळला आणि काकांच्या पायावर पडला.

ओट्यावर सगळ्यांनी काकांच्या पायाकडे बघितलं. मग एक म्हातारा खो खो हसत सुटला. "पाटील! तुमचा दुष्काळ तेलात तळलेला आहे की हो!"

"आणि मी दोन दिवस शोधतेय, माळ्यावरची तेलाची घागर गेली कुठं!" दारातून शोभाकाकूंचा आवाज आला. "विंचू म्हणे!"

काकांचा चेहरा गेरूपेक्षा लाल झाला. ते भटूवर खेकसणारच होते, पण त्यांचं लक्ष सिंधूकडे गेलं. ती घागरीशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काका, आईला गार पाणी मिळालं नाही."

काका उठून तिच्याजवळ आले. मग त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं. "चुकलं माझं, पोरी. आळस मी केला आणि तहानलेली राहिली माझी वहिनी. आण ती घागर. तुझ्या हातानं भर."

सिंधूनं विहिरीचं पाणी आणून घागर भरली. चार नवी ढेकळं काकांनी स्वतः मांडली.

"सिंधू," गुरुजी म्हणाले, "प्रयोग फसला तर मुलं प्रयोग टाकून देतात. तू तो का फसला ते शोधलंस. उद्या सकाळच्या मोटारीनं तू माझ्याबरोबर धुळ्याला येतेस! का हो, पाटील?"

"येते म्हणजे? पाठवतोच!" काका म्हणाले. "आणि भट्या, तू... तू बापाला बरं फसवलंस रे!" त्यांनी रट्टा घालायला उचललेला हात भटूच्या डोक्यावर ठेवला. कालीच्या नाकाचं कौतुक तर चारही म्हाताऱ्यांनी केलं.

सकाळी ढेकळं पाहिली, तर तीन चिंब आणि आश्विनाचं जरा कोरडं.

"जमीन तिकडं उंच आहे म्हणून," गुरुजी म्हणाले. "पाऊस काही ढेकळांना विचारून येत नाही, पाटील."

"असू द्या मास्तर," काका म्हणाले, "पण ओली बरी वाटतात!"

सिंधू निघाली तेव्हा शोभाकाकूंनी आईची घागर अर्धी भरून, तोंडाला ओलं फडकं बांधून तिच्या हातात दिली. "लेकीनं आईची घागर नेली तर कोण नाही म्हणतंय?"

मोटारीत सिंधू घागर मांडीवर घेऊन बसली. तेलाचं लोटकं आणि पितळेचा तांब्या गुरुजींच्या पिशवीत होते. भटू आणि काली धुरळ्यात दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. मग रस्ताभर सिंधूच्या मनात एकच घोळत होतं. बा ओळखेल ना? बोलेल ना? की कामात असेल? घागर पाझरत होती आणि तिचा परकर गारगार होत होता. तेवढीच तिला सोबत वाटली.

गुरुजी तिला आधी पेठेतच घेऊन गेले. भिलाभाऊ काट्यापाशी पाठमोरे उभे होते. वळले आणि तसेच थांबले. ते फार वाळले होते. सिंधूनं इतके महिने मनात कितीतरी बोलणं जमवून ठेवलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "बा, तुम्ही आखाजीले का नही ऊनात?"

भिलाभाऊंनी खाली बघितलं. "मन्ही छातीच व्हयनी नही, बेटा. तुन्ही मायनी घागर भरेल देखवाई नसती."

सिंधूनं फडकं सोडलं, तांब्या बुडवला आणि त्यांच्यापुढं धरला.

"मी भरी, बा. गार शे."

भिलाभाऊंनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि ते पाणी प्याले. सगळं प्याले. मग ते तिथंच कापसाच्या पोत्यावर बसले, सिंधूला जवळ ओढलं आणि म्हणाले, "चाल. तुन्हा प्रयोग देखू. मंग दोन्ही जण घर जाऊ."