वायलीचा पास

ही घडलेली गोष्ट आहे. पटो न पटो. टॅकेटांच्या घरात आजही ती कुणी हसत सांगत नाही.

१८६५ चा एप्रिल. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपत आलं होतं. व्हर्जिनियात दक्षिणेच्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली होती. घरी जायला प्रत्येक शिपायाला एक छापील पास मिळत होता. तो दाखवला की उत्तरेचे पहारेकरी सोडत, वाटेत शिधाही देत. नसला की थेट कैद.

सार्जंट नावं पुकारत होता.

"एनॉस टॅकेट!"

"हजर!"

"वायली टॅकेट!"

"हजर!"

दोन्ही वेळा एनॉसच बोलला होता. धाकटा भाऊ वायली भारी झोपाळू. तीन वर्षं हजेरीला थोरलाच त्याच्या नावाला ओ देत आला होता. जिभेला सवयच लागली होती.

पण वायली हिवाळ्यातच खंदकात छातीच्या तापानं गेला होता. एनॉसनंच त्याला माती दिली होती.

पास हातात पडला. चूक सांगायला जीभ रेटेना. वाटेत एकाचं जास्तीचं अन्न तरी मिळेल, असं त्याला वाटलं.

नदीवर नावाडी म्हणाला, "दोघांचे पास दाखवा, गड्यांनो."

"मी एकटाच आहे, काका."

"म्हाताऱ्याची थट्टा करतोस? मग मागे बसलाय तो कोण? बोलत नाही, नुसता... खोकतोय."

एनॉसनं वळून पाहिलं. फळी रिकामी होती. पण नाव... त्या बाजूला कलली होती.

पलीकडे उतरून तो भराभर घराची वाट चालू लागला. आईला अजून काहीच ठाऊक नव्हतं. पत्र लिहायचा धीर झाला नव्हता. समोर बसून सांगायचं, असं ठरवून तो निघाला होता.

आई दारातच होती. हात पसरून धावली... आणि एनॉसच्या बाजूनं पुढे गेली.

"वायल्या! किती रे वाळलास!"

"आई, ऐक. वायली गेला गं. मी पुरलं त्याला."

"जीभ झडो तुझी! लेकरू समोर उभं आहे, आणि म्हणे पुरलं!"

तिनं कुणाला तरी हाताला धरून शेकोटीपाशी बसवलं. तिथून... खोकला आला. ओला, खोल.

एनॉसनं वायलीचा पास विस्तवात टाकला. आता तरी तो जाईल...

खोकला थांबला नाही.

आईनं उठून दाराला अडसर घातला.

"वेडा का खुळा तू? पास जाळलास त्याचा! आता बाहेर पाऊल टाकलं की धरतील ना माझ्या पोराला. कुठे जायचं नाही हं, वायल्या. माझ्यापाशीच राहायचं."

एनॉसनं विनवलं, पाय धरले, रडला. ती ऐकेना. आपल्या वाटणीची मक्याची भाकर ती शेकोटीपाशी ठेवू लागली. तिथेच निजू लागली.

आठवड्यानं अंगणात लाकडं फोडताना एनॉसला घरातून पुन्हा खोकला ऐकू आला.

या वेळी... दोघांचा.