निर्वातातला श्वास

ताई झोपेत श्वास घ्यायची विसरते. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलंय. आम्ही घरात 'दांडी' म्हणतो. तीनदा दांडी मारून ती परत आली. चौथ्यांदा येईलच, असं कुणी छातीठोकपणे सांगेना. भावजी तिच्या नाकाशी हात धरून बसलेले असतात. शेवटी मी ठरवलं, तिच्या ओठावर चिकटेल अशी फीत आपणच करायची. श्वास थांबला की भोंगा वाजलाच पाहिजे.

माझं कामच ते. पोलादी पिंपातली हवा पंपाने ओढून घ्यायची, धातूची वाफ करायची आणि प्लास्टिकच्या पट्टीवर केसाच्या हजाराव्या भागाइतका थर चढवायचा. सूक्ष्मदर्शकातून तो गवताच्या पात्यांसारखा दिसतो. श्वासातली ओल पात्यांत शिरली की त्यातून वाहणारी वीज बदलते आणि पडद्यावरची रेघ उसळते. नव्या थरावर पहिला श्वास ज्याने तो बनवला त्यानेच सोडायचा, आणि तशी वहीत नोंद करायची, हा आमचा रिवाज.

अकरा फिती वाया गेल्या. बारावी बंद पिंपात असतानाच रेघ उसळली.

"गळती असेल," पंपवाले काका म्हणाले.

गळती नव्हती. वायर बदलली. पंप थांबवला. आत हवेचा लवलेश नव्हता, तरी रेघ वर-खाली होत राहिली, मिनिटाला चौदा वेळा, कुणी शांत श्वास घेत असल्यासारखी.

"टाकून दे ही. दुसरी कर," काका हळूच म्हणाले.

"धातू संपलाय काका. नवा यायला महिना."

"मग थांब की महिनाभर."

"मी थांबेन हो. ताई थांबेल?"

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण हट्टाला पेटलो होतो. पिंप उघडलं तशी रेघ सपाट झाली. मी फितीवर श्वास सोडला, तर ती शहाण्यासारखी उसळली. वहीतला पहिल्या श्वासाचा रकाना मात्र मी कोराच ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पडदा आणि भोंगा जोडून ताईला फीत लावली. रेघ छान चालू लागली. भावजींचे डोळे भरून आले.

"रडताय काय? आधी परीक्षा घ्या," ताई म्हणाली. "मी श्वास रोखते. वाजू दे याचा भोंगा."

तिने गाल फुगवले.

दहा सेकंदांनी भोंगा वाजायला हवा होता. रेघ चालूच होती.

मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. काहीच लागलं नाही.

"ताई, पुरे. सोड श्वास."

मी फीत ओढून काढली. रेघ सपाट झाली. भोंगा किंचाळला.

ताईने तोंड उघडलं. श्वास आत जाईना. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"अरे, कर काहीतरी!" भावजी ओरडले.

मी फीत परत तिच्या ओठावर दाबली.

भोंगा थांबला. आधी रेघ वर गेली. मग, क्षणभराने, ताईची छाती.