तामाउरा मारूचं झाकण

मुराकोशी भर दुपारी इने मावशीकडे आला. तोकुयामाच्या बंदरातून नौदलाचं तेल निघायचं, तेव्हा तो ‘तामाउरा मारू’ या तेलवाहू जहाजावर कारकून होता. युद्ध संपून आठ वर्षं झाली, तरी त्या जहाजाचा सेवावृत्तान्त पुरा करायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. तेल कुठं भरलं, भर समुद्रात कुठल्या युद्धनौकांना पाजलं, जहाज कुठं जळालं, सगळं लिहून झालं होतं. राहिला होता फक्त इने मावशीचा सहीऐवजीचा शिक्का. शिक्का दिला की त्या जहाजाच्या इंजिनघरात असलेला तिचा मुलगा सादाकिची कागदोपत्री मेला, म्हणून ती देत नव्हती.

“वाचा,” ती म्हणाली.

“चौदा जानेवारी. पाणतीर लागला, आग भडकली. इंजिनघरातले अकरा जण जागीच गेले.”

“जागीच?”

“हो मावशी. कळलंसुद्धा नसेल त्यांना.”

कागदाला काय, लिहाल ते खरं. पण मावशीची नजर सादाकिचीच्या फोटोपुढच्या ताटावर होती. दूर गेलेल्या माणसासाठी घरोघर असं ताट मांडायचे. वाटीच्या झाकणाला आतून थेंब धरले की माणूस सुखरूप.

“गरम सारावर झाकण ठेवलं की थेंब धरणारच, मावशी.”

“एवढी अक्कल मलाही आहे. पण आज सकाळपासून झाकण निघतच नाही. तुम्ही बघा, गड्याचा हात आहे.”

त्यानं झाकण धरलं आणि चटकन हात मागे घेतला. सार केव्हाच गार झालेलं, झाकण मात्र तव्यासारखं तापलं होतं. मग आतून आवाज आला. टक... टक टक...

मुराकोशीला रडू फुटलं. “जागीच नाही गेले, मावशी... आग वर येऊ नये म्हणून कप्तानानं इंजिनघराचं लोखंडी झाकण लावायला सांगितलं. मी लावलं. खिट्टी मीच घातली...”

“त्यांचा आवाज येत होता?”

“बराच वेळ...”

टकटक थांबली. मावशीनं झाकण उचललं, ते अलगद निघालं. आत थेंब नव्हते. काळ्या तेलात बुडालेल्या पाच बोटांचे ठसे होते, खालून वर रेटल्यासारखे. ती त्या ठशांवर आपली बोटं ठेवून किती तरी वेळ रडत बसली. मग तिनं शिक्का आणून उमटवला.

“आत्ता बोललात ते त्यात लिहा. आणि वाटी उघडीच राहू दे.”

तो बाहेर पडला तर शेजारच्या दारात चियो उभी होती. तिचा नवराही त्याच इंजिनघरात होता. तिनं शिक्का केव्हाच दिला होता.

“मुराकोशीसान,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “जरा आत येता का? आमच्या वाटीचं झाकण निघत नाहीये...”