पाच जणांचा पाऊस

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस कोल्हापुरात हवामानाविषयी बोलायची सोय नव्हती. आभाळ कितीही भरून आलं तरी लोक एकदा वर बघत आणि पुढे चालू लागत. रिक्षावाला गिऱ्हाइकाशी ऊस, निवडणूक, जावई अशा सगळ्या विषयांवर बोले, पण छत्री घेतली का, असं विचारत नसे. या दोन दिवसांना मौनवेळ म्हणत. ती कुणी मोडली तर शहराच्या लाडक्या सह्यगती मोटारसंघाचा विखुरअंदाज त्या शर्यतीपुरता बाद होई, आणि तसं व्हावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती.

जिनदत्त मगदूम यांना मौनवेळ जितकी जड जाई, तितकी क्वचितच कुणाला जात असेल. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा टायर रिमोल्डिंगचा कारखाना होता. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम ते एकतीस वर्षं करत होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं दर रविवारी चार वाजता तिथे पाच माणसं जमून मोटारशर्यतीवर भांडत होती. एक स्वतः जिनदत्त. दुसरे बाळासाहेब नेजदार, इथेनॉलचा पंप चालवणारे. पाऊस येणारच नाही, टाकी गच्च भरा, हे त्यांचं म्हणणं ठरलेलं. तिसऱ्या मेहरून मुल्लाणी, निवृत्त परिचारिका. त्यांना पाऊस नेहमी लवकर दिसे. चौथे चौगुले मास्तर, जे पन्नास वर्षांच्या नोंदींबाहेर बोलत नसत. पाचवी शैला सुतार. गगनबावड्याच्या घाटात एसटी चालवणाऱ्या शैलाचा विश्वास फक्त समोरच्या काचेवर पडलेल्या थेंबावर.

नऊ वर्षांपूर्वी सह्यगतीची संख्याशास्त्रज्ञ डॉ. ओवी शिरगुप्पे या भांडणाची कीर्ती ऐकून कारखान्यात आली होती. येताना तिने गुळाची एक ढेप आणली. प्रत्येकाने ढेपेचं वजन कागदावर लिहायचं होतं, एकमेकांना न विचारता. कागद गोळा झाले, सरासरी काढली, ढेप काट्यावर ठेवली. फरक जेमतेम पन्नास ग्रॅमचा निघाला. पाचांपैकी एकाचाही आकडा स्वतंत्रपणे इतका जवळ नव्हता.

तिने समजावून सांगितलं होतं की प्रत्येक अंदाजात थोडं खरं असतं आणि थोडी चूक असते. चुका वेगवेगळ्या दिशांना गेल्या तर सरासरीत त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि खरं तेवढं उरतं. घाटमाथ्यावरचा पाऊस कोणत्या तासाला येईल हे यंत्र सांगतं. कोणत्या मिनिटाला, हे त्याला जमत नाही, आणि दहा यंत्रं लावली तरी फरक पडत नाही, कारण सगळी त्याच नोंदींवर शिकलेली, म्हणून एकाच बाजूला चुकतात. माणसं मात्र आपापल्या परीने चुकतात. अट एकच, त्यांनी आधी एकमेकांशी बोलायचं नाही. पहिल्याने मोठ्याने आकडा सांगितला की बाकीचे नकळत त्याच्याकडे सरकतात आणि चुका एका बाजूला झुकतात. असा विखरून, न बोलता घेतलेला अंदाज म्हणजे विखुरअंदाज.

म्हणजे आम्ही भांडायचं नाही, असं नेजदारांनी त्या वेळी विचारलं होतं. ओवी म्हणाली होती, शर्यतीनंतर हवं तेवढं भांडा. तेव्हापासून शर्यतीच्या दिवशी सकाळी आठला पाच चिठ्ठ्या जात. पाऊस कितव्या फेरीला येईल, एवढाच आकडा. त्यावर संघ टायर ठरवी आणि इंधन भरी.

या वेळची शर्यत वाघझरा पठारावर होती, चाळीस फेऱ्यांची. आणि सह्यगतीची गाडी चालवणार होती तेजल, नेजदारांची धाकटी मुलगी.

रविवारी सकाळी सहाला जिनदत्तांनी रबराच्या एका पट्टीला चिकटवायचं सोल्युशन लावलं. एरवी चार मिनिटांत वाळणारं सोल्युशन नऊ मिनिटं झाली तरी ओलसर होतं आणि वर दुधावरच्या सायीसारखी पांढुरकी झाक आली होती. हवेत पाणी भरपूर असलं की असं होतं. सोल्युशन उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर उतरते. त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं, दाराशी जाऊन वारा कुठला आहे ते बघितलं, आणि त्यांचा आकडा ठरला. चौदावी फेरी.

चिठ्ठीवर चौदा लिहायला त्यांनी पेन टेकवलं आणि तिथेच थांबले. चौदा लिहून काय होणार होतं? नेजदार बावीस लिहिणार. मेहरूनबाई सोळा. मास्तर एकोणीस. शैला अठरा. या चौघांची बेरीज पंचाहत्तर. त्यात आपले चौदा मिळवले तर सरासरी अठराला जाते. म्हणजे चार फेऱ्या तेजल कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरवर ओल्या उतारावरून गाडी हाकणार. चौदा सरासरी यायची तर आपला आकडा शून्याच्याही खाली हवा. तसा लिहिता येत नव्हता, म्हणून त्यांनी एक लिहिला. खरी गोष्ट पोहोचवायला खोटा आकडा. चिठ्ठी पाठवताना त्यांच्या मनाला जराही टोचलं नाही.

पावणेनऊला ओवी कारखान्याच्या दारात उभी राहिली. चिठ्ठ्या बंद झाल्यावर तिला एकेकाशी बोलता येई, फक्त त्यांनी आपसांत बोलायचं नसे. तिने पाच चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. एक. एक. एक. एक. आणि नेजदारांचे दोन.

"अण्णा, नऊ वर्षांत तुम्ही पाच जण इतके एकमताने कधी बोलला नाहीत. संघ आता पावसाचे टायर चढवणार. पण गाड्या अकराला सुटतील, आणि साडेअकराच्या आधी ढग माथ्यावर पोचतच नाहीत, हे उपग्रहात स्वच्छ दिसतंय."

जिनदत्तांनी चिठ्ठ्या पुन्हा एकदा मोजल्या. पावसाचं टायर मऊ रबराचं असतं, खोल खाचांचं. पाणी असलं तर ते थंड राहतं. कोरड्या रस्त्यावर त्या खाचांमधले ठोकळे हलत राहतात, तापतात आणि पाचव्या-सहाव्या फेरीला सुटे होऊ लागतात. वाघझऱ्याच्या उतारावर ते सुटले तर गाडी कुठे जाईल, हे त्यांनी आयुष्यभर टायर सोलताना बघितलेल्या फाटक्या रबरावरून त्यांना नेमकं ठाऊक होतं.

त्यांनी आपण केलेला हिशेब ओवीला सांगितला. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"म्हणजे बाकीच्या चौघांनीही हेच केलं?"

"दुसरं काय करतील? माझ्या डोक्यात ते चौघं बसलेत, तर त्यांच्या डोक्यात मी नसणार होय? पाच जणांना पाऊस लवकर दिसला. प्रत्येकाला वाटलं, मला एकट्यालाच दिसलाय, आणि प्रत्येकाने एकट्याने गाडं ओढलं."

ओवी म्हणाली की मग सगळंच वाया गेलं. एक हा तर सगळ्यात खालचा आकडा. त्याच्या मागे चौदा दडलाय, दहा दडलाय की सहा, ते कळायला मार्ग नाही. तिला साडेनऊपर्यंत संघाला काहीतरी सांगायचं होतं, कारण दहाला टायर चढत आणि इंधन भरलं जाई.

जिनदत्त नेजदारांच्या चिठ्ठीकडे बघत होते. मग त्यांनी खडू उचलला, फरशीवर चार आकडे लिहिले आणि ते म्हणाले, "या दोनात सगळं आहे."

नेजदारांना बाकीच्यांचे आकडे काय वाटले असतील? जिनदत्त नेहमीसारखे सतरा, बाई सोळा, मास्तर एकोणीस, शैला अठरा. बेरीज सत्तर. त्यात स्वतःचे दोन घातले की बहात्तर. भागिले पाच, चौदा आणि वर थोडं. नेजदारांना सरासरी तिथे आणायची होती. म्हणजे त्यांच्या मनातला पाऊस चौदाव्या फेरीला होता.

"ते तेजलचे वडील आहेत, अण्णा. भीतीपोटी कमी आकडा लिहिला असेल."

"भ्यायला असता तर मर्दाने एक लिहिला असता," जिनदत्त म्हणाले. "दोन लिहायला हिशेब करावा लागतो. आणि ज्याला सव्वीस वर्षांत पाऊस कधी वेळेवर दिसला नाही, त्याला आज माझ्याइतकाच दिसतोय. आणखी काय पाहिजे तुम्हाला? गुळगुळीत टायर लावा. इंधन चौदा फेऱ्यांपुरतं, थेंब जास्त नको, गाडी हलकी राहू दे. चौदाव्याला आत बोलवा, टायर आणि इंधन एकदमच."

ओवीने फरशीवरच्या आकडेमोडीचा फोटो घेतला. चौदाच फेऱ्यांचं इंधन म्हणजे पाऊस उशिरा आला तर शर्यत हातची जाणार, आणि लवकर आला तर तेजल गुळगुळीत टायरवर ओल्या उतारावर. तिने थोडा वेळ जिनदत्तांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग संघाला फोन लावला आणि एक आकडा सांगितला.

मौनवेळ शर्यत संपेपर्यंत चाले, त्यामुळे पाचही जण शर्यत आपापल्या घरी एकटेच बघत. अकराला गाड्या सुटल्या. दहाव्या फेरीपर्यंत तेजल तिसरी होती आणि रस्ता खडखडीत कोरडा होता. जिनदत्तांनी चहा केला आणि प्यायचा विसरून गेले. तेराव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर कॅमेऱ्याच्या काचेवर पहिला थेंब पडला. चौदावी पूर्ण करून तेजल आत आली तेव्हा उतार काळा पडू लागला होता. बाकीचे संघ एक-एक फेरी चुकले. कुणी घसरलं, कुणी घाईत फक्त टायर बदलून गेलं आणि इंधनासाठी पुन्हा आलं. तेजल अकरा सेकंदांनी जिंकली.

दुपारी ओवी पुन्हा आली. तिचे डोळे चमकत होते. बाकीच्या चौघांना भेटून आले, असं तिने सांगितलं. पाचही चिठ्ठ्या समोर ठेवून तिने प्रत्येकाला एकच विचारलं होतं, उरलेल्या चौघांच्या मनात खरा आकडा कोणता होता? चौघांनीही सगळ्यांचे आकडे सांगितले आणि कुणी एका फेरीपेक्षा जास्त चुकलं नाही.

"याला मी अंतर्गट म्हणणार आहे," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं भांडून तुमच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात अख्खा गट तयार झालाय. पाच जणांना विचारायची गरजच उरली नाही. कुणाही एकाला विचारलं तरी पाच जण बोलतात. पुढच्या मोसमापासून आम्ही एकच चिठ्ठी घेऊ."

"कुणाची?"

"कुणाचीही, अण्णा. तोच तर शोध आहे."

ती गेल्यावर जिनदत्तांनी फरशीवरचे आकडे पुसले. मन उत्साहाने भरलं होतं. दोन दिवस गिळलेलं सगळं आता बाहेर काढता येणार होतं. त्यांनी पाच खुर्च्या मांडल्या, भट्टीजवळची बाईंना, कारण त्यांचे गुडघे दुखत.

चारला सगळे आले. नेजदारांनी पेढे आणले होते. चहा झाला. नेजदार खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी बोट उचललं. ते काय म्हणणार, हे जिनदत्तांना ठाऊक होतं: माझ्या दोनाने पोरगी जिंकली, तुम्ही चौघं नुसते एकावर जाऊन बसलात. त्यावर बाई म्हणणार, वीस वर्षं मी लवकर सांगतेय, तेव्हा हसत होता. मास्तर एका जुन्या साली असंच झाल्याचा दाखला देणार. शैला म्हणणार, काचेवर थेंब पडला तेव्हा मला कळलं. मग नेजदार टोमणा मारणार, तोवर तुझी एसटी दरीत गेली असती. हे सगळं त्यांना आवाजांसकट ऐकू आलं आणि ते हसले.

वर पाहिलं तर बाईही हसत होत्या. मास्तर मान हलवत होते. शैलाने नेजदारांकडे रागाने बघितलं, जणू न उच्चारलेला टोमणा तिला लागला होता.

नेजदारांनी उचललेलं बोट हळूच खाली घेतलं आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. प्रत्येकाने एकेक उचलला. थोड्या वेळाने मास्तरांनी घड्याळ बघितलं, मग बाई उठल्या. बाहेर पाऊस अजून पडत होता. पाचही जणांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही.

साडेचारला कारखाना रिकामा झाला होता. सव्वीस वर्षांत ते भांडण इतक्या लवकर कधी मिटलं नव्हतं.