जुन्या चुलीचा विस्तव

"राजसला नको पाठवायला. काही कमी-जास्त झालं तर? चारुता आहे की."

सासूबाई हलक्या आवाजातच बोलल्या होत्या. पण एक्क्याण्णवच्या त्या मे महिन्यात पनवेलला पाणी दिवसाआड येत होतं, आणि चारुता मोरीत रिकामी बादली लावून नळाच्या तोंडाकडे बघत बसली होती. नळ वाहत असता तर तिला यातलं काही ऐकू आलं नसतं.

"ओटीच तर ठेवायची," सासरे, दीनानाथ, म्हणाले. "सोळा वर्षं तूच ठेवलीस ना?"

"गेल्या वर्षी ती बोलली माझ्याशी. ऐकलंच नाही असं दाखवून आले मी. यंदा माझ्याच्यानं व्हायचं नाही."

ती म्हणजे कोण, हे चारुताला कळेना. लग्नाला दोन महिने झाले होते. नव्या सुनेनं प्रश्न विचारायचे नसतात, एवढं मात्र कळलं होतं.

जेवताना तिला गोड शब्दांत सांगण्यात आलं. नेऱ्याच्या पलीकडच्या धरणात देवीचं ठाणं आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं, तिथं घरच्या सुनेनं ओटी ठेवायची. ते धरण दीनानाथांच्याच देखरेखीखाली बांधलेलं. "चार महिने पडतं ते बारा महिने पुरवायचं," ते भात कालवत म्हणाले. "नाहीतर सगळं समुद्राच्या घशात." हे ते रोजच म्हणत, नळ कोरडा असला तरी.

दुपारी नवऱ्यानं, राजसनं, तिला स्कूटरवरून नेलं आणि धरणाअलीकडच्या टपरीवर चहा सांगितला. एकच. "तू ये जाऊन. बायकांचं काम आहे," तो भलतीकडे बघत म्हणाला.

काठावर एक बाई शेळ्या राखत बसली होती. गुणाबाई तिचं नाव. तिनं ओटीतले खण-नारळ न्याहाळले.

"देवी? हितं देवी नाय कुठली. आमचा पाडा व्हता. नोटिशीत सोमवार लिवलावता, की सोमवारी धरनाची दारं लावनार. रविवारी पाऊस कोसळला. पयलं पानी फुकट जाईल म्हनून सायबानं रविवारीच दारं लावली. आमच्यात जुन्या चुलीचा विस्तव नव्या घरी नेतात, धाकटी सून नेते. माझी जाव रंभा तेवढ्यासाठी मागारी गेली. लगीन होऊन दोन म्हैने झालंवतं तिचं." गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "सायबानं कागदावर लिवलं, पाडा रिकामा व्हता."

"तुम्ही येता का खाली?"

"नाय बाय. मला वळखंल ती."

चारुता उतरली. तळाच्या भेगाळलेल्या चिखलाच्या खपल्या पायाखाली कडकड मोडत होत्या. मेलेल्या मासळीचा वास. मग तो मागं पडला आणि दुसराच आला, भिजलेल्या राखेचा. गुडघाभर उरलेल्या भिंतींमधून आवाज येत होता... फूं... फूं... कुणीतरी फुंकणी मारत होतं.

एकच उंबरा ओला होता. आत पाठमोरी बाई चुलीवर वाकलेली. हातात हिरवा चुडा, चारुताच्या हातात होता तसाच. केसांतून पाणी ठिबकत होतं, निखाऱ्यांवर चुरचुरत होतं. निखारे विझत नव्हते.

"आज वार कंचा?" तिनं मान न वळवता विचारलं.

"रविवार..."

"मंग येळ हाय. दारं उद्या लावनार." फूं... फूं... "तू कुनाची गं?"

"दीनानाथ साहेबांची... सून."

फुंकणी थांबली. चारुताच्या घोट्यांना गार लागलं. मघाची कोरडी जमीन आता पाण्याखाली होती, आणि ते चढत होतं. पाय उचलावा तर चिखल सोडेना.

"दर साली ओटी येती. जबाब येत नाय," बाई म्हणाली. "तू इचारशील सायबाला? का तू बी गप ऱ्हाशील?"

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

"विचारीन," चारुता म्हणाली. "आजच."

चिखल सैल झाला. एक खापर तिच्याकडे सरकलं, निखाऱ्यांनी भरलेलं.

"हे ने मंग. माझा पाय निघत नाय..."

परतताना राजसनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. खापर तिच्या मांडीवर होतं. एवढ्या वाऱ्यात निखाऱ्यांवर राखेची साय धरली नाही की ठिणगी उडाली नाही.

घरी चहा चालला होता. तिनं खापर दीनानाथांच्या खुर्चीसमोर ठेवलं. सासूबाईंच्या हातातली बशी कलंडली.

"कुठून आणलंस हे?" दीनानाथ म्हणाले. "बाहेर टाक."

चारुता हलली नाही. मोरीतला नळ सकाळपासून कोरडाच होता. तरी फरशीवर पाणी पसरत होतं, गढूळ, गार, गाळाच्या वासाचं. राजस दाराशी सरकला. दीनानाथ हळूहळू पाय खुर्चीवर घेऊ लागले.

"पाय वर घेऊ नका, बाबा," चारुता म्हणाली. "आधी सांगा, दारं रविवारी का लावलीत?"