एका पेटीत दोघं

थोरल्या भावाची हाडं आईपर्यंत पोचवायची, एवढ्यासाठी लियांग फुक अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरात चढत होता. परक्या मातीत पडलेल्याचा आत्मा उपाशी भटकतो. म्हणून हाडं उकरून, धुऊन, पेटीतून चीनला पाठवायची चिनी मजुरांची रीत. सोबतीला मोककाका. हाडं गोळा करण्यात त्यांची हयात गेलेली.

सरळ वाट गावातून जात होती. पण गोऱ्यांनी तिथली चिनी वस्ती पेटवून माणसं हाकलली होती. ज्यांनी डोंगर फोडून रेल्वे आणली, त्यांनाच गावबंदी! म्हणून ही कड्याची वाट.

रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी, जिथे कोसळत्या बर्फाने दादासकट मजुरांचा तंबू गिळला होता, तिथे त्यांनी खणलं. हाडं निघाली. पण दोघांची, एकमेकांत गुंतलेली.

"यातला दादा कुठला, काका?"

"दात पडला होता? हात मोडला होता?"

"नाही. धडधाकट होता."

"हे दोघंही धडधाकटच रे! कसा ओळखू?" काकांनी वर पाहिलं. "एका पेटीत एकच माणूस. एकाला उचल, आभाळ भरलंय."

फुकने दोघांनाही एका पोत्यात भरलं आणि तांदळाच्या पोत्याशेजारी पाठीवर बांधलं.

बर्फ सुरू झाला. कड्याची वाट बुजली. उरला फक्त रेल्वेचा लाकडी पूल, चिनी हातांनीच उभारलेला. ते अर्ध्यावर पोचले आणि मागे बंदूक कडाडली!

"ए चिन्यांनो, उतरा आमच्या पुलावरून!"

उतरायचं कुठे? खाली दरी!

"पळ, पोरा!" म्हणता म्हणता काकांचाच पाय निसटला. फुकने त्यांचं मनगट धरलं. पाठीवर दोन पोती. तोल जाऊ लागला.

"पोतं टाक, गाढवा! मेलेल्यांपायी मरतोस?"

फुकने टाकलं. तांदळाचं! काकांना वर ओढलं. दुसरी गोळी कानाजवळून गेली. मग बर्फाचा पडदा दाट झाला आणि दोघं त्यात नाहीसे झाले.

पलीकडच्या कपारीत काका धापा टाकत म्हणाले, "आता खायचं काय? तुझा दादा?"

"तो इतकी वर्षं उपाशी आहे, काका. आपण जरा राहू."

काका हसले.

बंदरावर दोघांना एकाच पेटीत बंद करून काकांनी वर नाव लिहायला कुंचला शाईत बुडवला. "लियांग यिउ. हे झालं. आणि दुसऱ्याचं नाव?"

"मला माहीत नाही."

"मग आई ताट कुणाच्या नावाने वाढेल?"

फुकने पेटीवर हात ठेवला. "लिहा, धाकटा मुलगा. मी अजून इथेच आहे. घरी माझं ताट रिकामंच असतं, त्यावर तो जेवेल."